ताकभात अजून वाढला नाही

शैला,

आज तुझ्या पानावरून घरात भांडण झालं. उद्या तुझं तेरावं. नैवेद्याला काय काय हवं ते गुरुजी सांगत होते आणि आपली ऋचा फोनमध्ये इंग्रजीतून टिपून घेत होती, कारण मराठीत लिहायला बसली असती तर तेराव्याचं चौदावं उजाडलं असतं. वरण, भात, भाज्या, खीर, वडे. शेवटी गुरुजी म्हणाले, "आणि वर थोडा ताकभात." मी म्हणालो, "ताकभात नको." ते म्हणाले, "अहो, त्याशिवाय पान पुरं कसं होणार?" मी म्हणालो, "मला ते पुरं करायचंच नाहीये." माझा आवाज चढला असावा, कारण स्वयंपाकघरात तुझ्या बहिणींची चाललेली कुजबुज एकदम थांबली. ऋचा गुरुजींना दारापर्यंत घेऊन गेली आणि म्हणाली, "बाबा जरा परेशान आहेत, तुम्ही मनावर घेऊ नका."

परेशान आहेच मी. पण डोकं फिरलेलं नाही. ताकभात का नको, हे फक्त आपल्या दोघांना माहीत होतं. तुझा ताकभात माझ्याकडे राहिला आहे, शैला, आणि तो मी वाढणार नाही. आता सगळी मंडळी जेवून आडवी झाली आहेत, म्हणून तुझ्या टेबलाशी येऊन बसलो आहे. भांडायचंच आहे तर तुझ्याशी भांडतो.

भेटायला येणाऱ्यांना मी थोडक्यात सांगतो. आतड्याला पीळ पडला, ऑपरेशन झालं, नंतर बिघडलं. ते हळहळतात, चहा घेतात, जातात. त्यांना कसं सांगू की ऑपरेशन छान झालं होतं? काळा पडलेला तुकडा काढून टाकला, दोन्ही टोकं जोडून शिवली, डॉक्टर हसत बाहेर आले. मी तिथे कॉरिडॉरमध्ये ऋचाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो, आनंदाने. मला वाटलं, सुटलो. मग कळलं की शिवलेलं आतडं हलायला तयार नाही. ते नुसतं पडून होतं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, पोट उघडलं की आतडी रुसतात, वाट पाहू.

शुद्धीवर आल्यावर तू पहिलं काय बोललीस, आठवतं? मला वाटलं पाणी मागशील, निदान ऋचाचं नाव घेशील. तू म्हणालीस, "अहो, पोट ऐका." आणि घरून तुझा जुना स्टेथोस्कोप आणायला लावलास. सारं आयुष्य मेडिकल कॉलेजात पोरापोरींना आतड्याची कामं शिकवलीस, तोच तो स्टेथोस्कोप, नळ्या कडक झालेला. मी तो कानात घातला आणि तुझ्या पोटावर ठेवला.

"काय ऐकू येतंय?"

"काही नाही."

"एका जागी धरा. घाई करू नका. घाईच्या माणसाला पोट ऐकू येत नाही."

मी एका जागी धरला. पंपांच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी झाली, बंद पडलेल्या यंत्राला कान लावायची मला सवय आहे. पण बंद यंत्रातसुद्धा काहीतरी असतं, कुठे थेंब पडतो, कुठे हवा सरकते. तुझ्या पोटात ते नव्हतं. तू माझ्या तोंडाकडे बघून सगळं ओळखलंस आणि म्हणालीस, "असू दे. उद्या परत ऐका."

मग सुरू झाला तो चमत्कारिक प्रकार. रोज सकाळी डॉक्टर यायचे आणि विचारायचे, "अम्मा, गैस पास हुई क्या?" मागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका, सगळे तुझ्याकडे कान देऊन. तू मान हलवायचीस, नाही. घोळका पुढे जायचा. ज्या गोष्टीवरून आपण जन्मभर चारचौघांत मान फिरवली, पाहुण्यांसमोर खिडकी उघडायचं निमित्त केलं, त्या गोष्टीसाठी मी देवासमोर हात जोडून बसलो होतो. ऋचाने हैद्राबादभरच्या देवळांना फोन लावले नसतील एवढंच. तू हसून म्हणालीस, "एवढी वाट तर तुम्ही माझ्या बाळंतपणातही पाहिली नव्हती." खरं होतं ते.

आपलं जुनं भांडण तुला आठवत असेल. अंबरपेठच्या या घरात जेवणं झाली की तू कधी लगेच उठली नाहीस. ताकभात संपला, पान रिकामं झालं, तरी उष्टा हात तसाच ठेवून तू बोलत बसायचीस. हात वाळून कोरडा होईपर्यंत. तुझ्या आईची शिस्त होती ना, ताकभात झाल्याशिवाय कोणी पानावरून उठायचं नाही. आणि तो झाल्यावर उठायची घाई नाही, ही भर तुझी. तेव्हाच तू मला आतडी शिकवलीस. मी म्हणायचो, "त्यात काय एवढं? आतडं म्हणजे लांबलचक पंप. वरून ढकलायचं, खालून काढायचं." तू उष्टं बोट उगारून म्हणायचीस, "तुमचा पंप मूर्ख असतो. बटण दाबलं की सुरू. आतड्याला बटण नाही, त्याला निरोप लागतात."

निरोप, हा तुझा शब्द. जठराच्या, आतड्याच्या अस्तरात बारीक बारीक पेशी बसलेल्या असतात, म्हणायचीस, त्या आलेलं अन्न चाखतात आणि त्याप्रमाणे रक्तात निरोप सोडतात. अन्न जठरात पोचलं की गॅस्ट्रिन सुटतं. मग जठर घुसळायला लागतं आणि खालच्या मोठ्या आतड्यालाही खबर जाते की जागा करा. सकाळचा चहा पोटात गेल्यावर मी वर्तमानपत्र घेऊन कुठे पळतो, ते तू मला असं समजावलंस. तूप-तेल पुढे उतरलं की आणखी एक निरोप निघतो, कोलेसिस्टोकायनिन. हे नाव घेऊन होईपर्यंत माणसाचं जेवणच उरकेल, असं मी म्हणालो होतो. तू म्हणालीस, "अगदी बरोबर, त्याचं कामच ते. जठराला सांगायचं, सावकाश सोड, खाली गर्दी आहे." तू रंगात आलीस की मी पंखा मोठा करायचो. हात लवकर वाळेल आणि व्याख्यान आटोपेल, एवढाच हेतू. तुला ते कळायचं. तू डाव्या हाताने पंखा कमी करायचीस.

म्हणूनच दवाखान्यात तू जे मागितलंस, त्याचं मला फार नवल वाटलं नाही. डॉक्टरांनी च्युइंगगम चघळायला सांगितलं होतं. तोंड चाललं, चव लागली, की मेंदूला वाटतं जेवण येतंय आणि तो खाली आवई उठवतो. निरोप सुटतात, कधी कधी झोपलेलं आतडं त्याने जागं होतं. खोटं जेवण, तू म्हणालीस. पण ते गम तू तोंडातून काढून कागदात गुंडाळलंस.

"हे रबर मला नको. मला नीट जेवायला वाढा."

"शैला, तुला पाण्याचा घोटसुद्धा मना आहे."

"तोंडाने वाढा. तुम्ही सांगा, मी जेवते. वास, चव, नुसता विचारसुद्धा चालतो आतड्याला."

"आणि त्याने ते हलेल?"

"हलेलच असं नाही. थोडा उपयोग होतो. थोडा म्हणजे शून्य नाही."

तुझ्या तोंडून 'थोडा' ऐकायची मला सवय नव्हती. तू घाबरली होतीस, शैला. मला ते तेव्हाच दिसलं आणि मी न दिसल्यासारखं केलं. मी खुर्ची जवळ ओढली आणि वाढायला बसलो.

केवढी फजिती! जन्मभर जेवलो, वाढलं कधी नव्हतं. मी आपली भाकरी ठेवली, ठेचा ठेवला, शेंगदाण्याची चटणी, वर कांदा फोडला. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "ही पंगत आहे, तुमच्या नांदेडचं शेत नाही." सगळं परत मांडायला लावलंस. आधी जागा पुसा. मीठ कुठाय? मीठ वर, मधोमध. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी. अहो, आमटीची वाटी पानाबाहेर. आता भाताची मूद, त्यावर वरण, त्यावर तूप. "तूप किती?" मी विचारलं. "मूद ओली दिसेल एवढं. त्या कोलेसिस्टोकायनिनला काम नको का?" शेजारच्या खाटेवरची म्हातारी तेलुगूत आपल्या लेकीला विचारत होती की हे दोघं काय करताहेत. लेक म्हणाली, "तिंटुन्नारु अम्मा." जेवताहेत.

आमटीपाशी तू अडलीस. "गूळ घातलात?"

या गुळावरून आपला संसार दोनदा मोडायला आला होता. तुमच्या पुण्याची गोड आमटी, आमची तिखटजाळ. मी म्हणालो, "घातला."

"किती?"

"सुपारीएवढा."

तुझ्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं! "हरलात शेवटी," म्हणालीस. मी हरलो नव्हतो. औषध म्हणून घातला होता. तो वाद अजून उघडा आहे, आणि माझं मत बदललेलं नाही, हे तुला कुठेतरी बसून ऐकू यावं अशी माझी फार इच्छा आहे.

वासही हवा, म्हणालीस. म्हणून मी बेगम बाजारात गेलो. तुझा नेहमीचा मसालेवाला माझ्यासारख्या माणसाला ओळखायचं कारण नव्हतं, पण दगडफूल, नागकेशर असं मागायला लागल्यावर त्याने वर पाहिलं. "पत्थर का फूल? वो मराठी मैडम के घर से हैं क्या? मैडम कैकू नै आए?" मी सांगितलं, दवाखान्यात आहेत. तो पुड्या बांधता बांधता म्हणाला, "ठीक हो जाते साब, फिकर नक्को करो." मी घरी येऊन गोडा मसाला भाजला. ऋचा फोनवर व्हिडिओ लावून मला सूचना देत होती, त्या नादात खोबरं करपलं. तसाच कुटला आणि डबीत भरून आणला. तू डबी उघडलीस, नाकाशी धरलीस आणि म्हणालीस, "खोबरं जाळलंत." आणि हसलीस. टाके दुखायला लागले तरी हसत होतीस, पोट दोन्ही हातांनी धरून. मलाही हसू आवरेना.

आणि त्याच दिवशी ऐकू आलं. मी स्टेथोस्कोप एका जागी धरून बसलो होतो, आशा सोडून, आणि आत गुडगुडलं. एकदाच, बारीक. मी तसाच सिस्टरला शोधत पळालो. ती म्हणाली, "मंचिदे अंकुल, चाला मंचिदे." चांगलंय, फार चांगलंय. मी परत येऊन तुझ्या कपाळावर हात ठेवला, आणि मला त्या क्षणी वाटलं की आता काही होत नाही आपल्याला.

तू म्हणालीस, "आता ताकभात वाढा. पान पुरं करा."

मी म्हणालो, "नाही."

"अहो, असं काय?"

"आतडं नीट हललं की. तेव्हा खराखुरा वाढीन, तोंडाने नाही. तोवर पानावर बसून राहायचं."

तू थोडी रागावलीस. मी हसण्यावारी नेलं. पण मी गंमत करत नव्हतो, शैला. ताकभात झाल्याशिवाय पानावरून उठायचं नाही, हा तुमच्या घरचा नियम, आणि तू नियमाची पक्की. माझ्या डोक्यात तेवढंच होतं. मी वाढला नाही तर तू उठणार नाहीस. एवढी शिकलेली बायको केली, आणि मी असा विचार करत होतो. आजही करतो आहे. त्या वेळी परत नेऊन बसवलं तर पुन्हा नाहीच म्हणेन.

त्यानंतर ताप चढला. रक्तात जंतू पसरले, म्हणाले. आतड्याने एकदा हाक दिली आणि परत गप्प झालं. तुझ्या घशात नळी घातली, तुझं बोलणं बंद झालं. मला भेटीच्या वेळेपुरतं आत सोडायचे. मी तोंडाला मास्क लावून तुझ्या कानाशी वाकून वाढायचो. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. मूद. वरण. तूप, ओलं दिसेल एवढं. आमटीत गूळ. अगदी भरपूर गूळ घातला, शैला, ढेपच्या ढेप. "तुला ऐकू येतंय का? भाजी कशी झालीय? शैला, काहीतरी म्हण, आळणी झालीय म्हण." तुझ्या पापण्या हलत नव्हत्या. तू सांगायचीस, निरोपावर पत्ता लिहिलेला नसतो. तो रक्तात सोडून द्यायचा, सगळीकडे फिरतो, ज्याला तो ऐकायचा कान आहे त्यालाच पोचतो. मी सोडत राहिलो. सिस्टर येऊन म्हणायची, "अंकुल, टैम अयिपोयिंदि." वेळ संपली. मी उठायचो. रोज सगळं पान वाढून झालेलं असायचं आणि ताकभात तेवढा राहिलेला. आणि तू तशीच उठून गेलीस. तुझ्या आईच्या शिस्तीला एवढा मोठा सुरुंग तू कधी लावला नव्हतास.

मला तुझा भयंकर राग आलाय. तू म्हणायचीस, आतड्याला स्वतःची अक्कल असते, मेंदूशी नातं तोडलं तरी ते आपलं काम करत राहतं. कुठे गेली ती अक्कल? जन्मभर तू त्याची बाजू घेतलीस, पोरांना त्याच्यावर प्रेम करायला शिकवलंस, आणि ऐन वेळेला ते तुझ्याशी असं वागलं. माझा कारखान्यातला पंपसुद्धा एवढा नमकहराम नव्हता. कुणाला जाब विचारू? तुलाच विचारलं असतं. आतड्याबद्दलचं काहीही मी आजवर तुलाच विचारत आलो.

परवा भेटायला माणसं बसली होती. कोणी काही बोलत नव्हतं, आणि त्या शांततेत माझं पोट वाजलं. चांगलं मोठ्याने, लांबलचक. माझी मान खाली गेली. तुझी बहीण डोळे पुसत उठली आणि पोहे घेऊन आली, "भावोजी, कालपासून पोटात काही नाही, दोन घास खा." मला ओरडून सांगावंसं वाटलं की ही भूक नाही. ही मोटिलिनची फेरी आहे. पोट रिकामं असलं की साधारण दर दीड तासाने तो निरोप येतो, जठरापासून एक लाट निघते आणि उरलंसुरलं पुढे लोटत आतड्याच्या टोकापर्यंत जाते. तू तिला झाडूवाली म्हणायचीस. मी दिवसभर शेव-मुरमुरे चरतो म्हणून तू डबे वरच्या फळीवर ठेवायचीस. "तोंड चालू असलं की झाडूवाली दारातूनच परत जाते. तिला आत येऊ द्या जरा." आता डबे खालीच आहेत आणि मला हात लावावासा वाटत नाही. झाडूवाली वेळच्या वेळी येते, झाडून जाते. मला तिचा आवाज नकोसा झालाय. तुझ्या साड्या कुणाकुणाला द्यायच्या, हेही आत चाललेलं ऐकतो मी. कोणीही काहीही झाडू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि तू शिकवलेलं आणखी एक सारखं आठवतं. लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात न पचलेली चरबी पोचली की तिथून एक निरोप उलटा वर जातो: हळू, अजून शोषून घ्यायचं राहिलंय. मग वरचं सगळं मंदावतं. ब्रेक म्हणतात त्याला, तू म्हणाली होतीस. मी लगेच विचारलं होतं, ब्रेक लावून थांबवता येतं का? "थांबत नाही हो. सावकाश होतं. जे घ्यायचं राहिलंय ते घेता यावं एवढ्यापुरतं. पुढे जायचं ते जातंच." मी पंखा मोठा केला असणार तेव्हा. नीट ऐकायला हवं होतं.

इथपर्यंत लिहिलं आणि ऋचा चहा घेऊन आली. नारायणगुड्याच्या शाळेत ती तेलुगू शिकली, इंग्रजी शिकली, आईबापाचं अक्षर तिला धड वाचता येत नाही. तिने माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. "ताकभात. हे वाचता आलं मला. बाबा, आता सांगा ना, व्हॉट्स द प्रॉब्लेम विथ ताकभात?"

सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. सगळं, नियमासकट. सांगता सांगता माझा आवाज फुटला आणि मग मी तो आवरला नाही. म्हणालो, "वाढला की ती उठेल, ऋचा. वाढला की संपलं."

तिने माझा हात धरला. मग म्हणाली, "पण बाबा, ताकभात झाल्यावर आई कधी लगेच उठलीय? शी ऑल्वेज सॅट. हात वाळेपर्यंत बसायची. मला क्लासला उशीर व्हायचा तरी बसायची."

शैला, मी एवढं सगळं वर लिहून बसलो होतो आणि मला ते दिसलं नव्हतं.

उद्या गुरुजींच्या पानात ताकभात असेल. ऋचाला तसं सांगितलं आहे. पण तो सगळ्यांसमोरचा. मला तुझं पान माझ्या हाताने पुरं करायचं होतं. म्हणून आत्ताच स्वयंपाकघरात जाऊन भात लावला, आसट, तुला आवडतो तसा. तुझी बहीण मदतीला उठत होती, तिला म्हटलं, तू झोप. भात हाताने कुस्करला. ताक घुसळलं, मीठ घातलं, किंचित आलं किसून घातलं. जास्त पडलं असेल, सांभाळून घे. मग तुझ्या जागेसमोरची फरशी पुसली. पान मांडलं. मीठ वर, मधोमध.

वाढतो आहे, शैला. घे. पातळ आहे, वाहून जाईल, मध्ये आळं कर. थोडा आणखी घे. तुला कधी कोणी आग्रह केला नाही, तू सगळ्यांना वाढून शेवटी जेवायचीस, म्हणून आज मी करतो. एवढा घेच. बरं, राहू दे, नको असेल तर नको.

पण हात धुवायला उठू नकोस. नेहमीसारखी बस. ते मोटिलिनचं, त्या ब्रेकचं, मला परत एकदा सांग, या खेपेला मी नीट ऐकतो. हात वाळेपर्यंत तरी बस.

पंखा मी बंद केला आहे.